गावाचा आराखडा होतो तेव्हा आपण कुठे असतो?

कामं आवरली का? नसतील आवरली तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. बचतीचे पैसे जमा झाले, कर्जाचे हप्ते झाले आणि मग नेहमीसारख्या गप्पा निघाल्या. एक मावशी म्हणाल्या, "आमच्या वस्तीचा रस्ता पाच वर्षं झाली कागदावरच आहे. पलीकडच्या वस्तीचा दोनदा झाला." दुसरी म्हणाली, "तिकडं मतं जास्त आहेत ना." सगळ्या हसल्या. तेवढ्यात एक ताई म्हणाली, "जाऊ दे बाई, राजकारण आपल्याला नको."

आम्ही तिथेच थांबलो. रस्ता कुठून जायचा हे राजकारणानं ठरलं असेल, तर आपण "नको" म्हटल्यानं ते थांबतं का? ते आपल्या दारावरून जातंच. फक्त आपल्याला विचारून जात नाही. म्हणून आज याच विषयावर बोलायचं ठरवलं. सरकारी योजना आणि धोरणं कशी ठरतात, त्यात राजकारण कुठे येतं, आणि आपल्यासारख्या बायकांना त्यात कुठून शिरता येतं, ते बघू.

आधी चार शब्द समजून घेऊ. धोरण म्हणजे सरकारनं धरलेली दिशा. योजना म्हणजे त्या दिशेनं जायचा कार्यक्रम, त्याला पैसा आणि मुदत असते. कायदा म्हणजे विधानसभेनं किंवा संसदेनं दिलेला हक्क, तो मिळाला नाही तर जाब विचारता येतो. आणि आराखडा म्हणजे आपल्या गावात कुठलं काम, कुठे, किती रुपयांत, याची यादी.

यात राजकारण कुठून आलं? आपल्या गटाचंच बघा. गटात वीस हजार रुपये आहेत आणि कर्ज मागणाऱ्या चौघी. एकीच्या मुलीची फी, एकीची शेळी, एकीचं दवाखान्याचं बिल, एकीचं बियाणं. कोणाला आधी द्यायचं? चौघींचंही खरं आहे. मग आपण बोलतो, भांडतो, एकमेकींची समजूत काढतो, नियम लावतो. हेच राजकारण. पैसा थोडा आणि गरजा जास्त असल्या की कोणाची गरज आधी, हे कोणीतरी ठरवणारच. राज्याच्या अंदाजपत्रकातही तेच होतं, रक्कम मोठी आणि माणसं लांबची एवढाच फरक. म्हणजे राजकारण आलं म्हणून सगळं बिघडलं असं नाही. बिघडतं कधी, तर बोलायला काही जणच बसलेले असतात आणि बाकीच्यांना नंतर कळतं, तेव्हा.

आता एक गोष्ट आपल्या घरातली. बहात्तरचा दुष्काळ. तुमच्यातल्या ज्यांची सासू किंवा आजी असेल, त्यांना विचारा. मिलोच्या भाकरी, सुकडी, आणि भर उन्हात खडी फोडणाऱ्या बायका. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागात आज जे जुने पाझर तलाव, नालाबांध, रस्ते दिसतात, त्यातल्या कितीतरी कामांत आपल्या आज्यांचा घाम आहे.

त्याच काळात रोजगार हमी योजना आली. कल्पना होती वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते आणि त्यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात लहान प्रमाणात हा प्रयोग करून पाहिला होता. कल्पना साधी: ज्याला अंगमेहनतीचं काम हवं आहे, त्याला सरकारनं काम द्यायचं. पण नुसती कल्पना चांगली असून योजना होत नाही. ती १९६५ पासून होतीच की. ती राज्यभर लागू व्हायला दुष्काळ पडावा लागला, मजुरांचे मोर्चे निघावे लागले. तेव्हा मुंबईतल्या बायकाही गप्प नव्हत्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांबरोबर १९७२ मध्ये त्या महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. लोक हलले की सरकार हलतं, ते असं.

मग प्रश्न आला पैशाचा. इथे राजकारण कसं चालतं ते नीट बघा. १९७५ मध्ये राज्यानं व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदारांच्या, व्यापाऱ्यांच्या खिशातून थोडा पैसा काढायचा, त्यात सरकारनं तेवढीच भर घालायची आणि गावातल्या मजुरांना काम द्यायचं. शहरवाल्यांनी हे का मानलं? गावात काम मिळालं तर माणसांचे लोंढे शहरात येणार नाहीत, हा एक हिशोब होता. गावातल्या जमीनवाल्यांनी का मानलं? त्या मजुरीतून तलाव, बांध, विहिरी, रस्ते होणार आणि त्याचा फायदा ज्यांच्याकडे जमीन त्यांना जास्त होणार. आणि मजुराला तर हातात पैसा हवाच होता. तिघांचाही काहीतरी फायदा होता, म्हणून गाडा पुढे गेला. १९७७ मध्ये विधिमंडळात कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. कायदा झाला तेव्हा एक सरकार होतं, लागू झाला तेव्हा दुसरं. तरी तो टिकला. मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी. त्या काळात शेतात बाईची मजुरी किती कमी असायची ते सासूबाईंना विचारा, म्हणजे या शेवटच्या वाक्याची किंमत कळेल.

पण कायदा झाला म्हणजे झोपायचं, असंही नाही. १९८८ मध्ये या कामांवरची मजुरी किमान वेतनाला जोडली गेली आणि एकदम वाढली. मजूर खूश झाले. पण नंतर कामांवर येणाऱ्यांची संख्या उतरली, कारण पुरेशी कामंच निघेनात. कायदा कोणी रद्द केला नव्हता, फक्त काम उघडलं नाही. हक्क असा हळूच, आवाज न करता बारीक होतो.

महाराष्ट्राचा हा अनुभव समोर ठेवून २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा झाला, वर्षाला १०० दिवसांचा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १२५ केले आहेत, पण खर्चाचा ४० टक्के वाटा आपल्यासारख्या राज्यांवर आला आहे. कामंही गावच्या आराखड्यातूनच निवडायची आहेत. हे चांगलं की वाईट यावर दोन्ही बाजूंनी भांडण चालू आहे, ते चालू द्या. आपण एवढंच लक्षात ठेवू: राज्याच्या तिजोरीतून पैसा निघायला हवा आणि गावच्या आराखड्यात काम असायला हवं. दोन्हींपैकी एक नसलं तर १२५ हा नुसता आकडा.

आता दुसरी गोष्ट, अलीकडची. डिसेंबर २०१४ मध्ये राज्यात जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं. दरवर्षी ५,००० गावं टंचाईमुक्त करायची आणि २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करायचा, असं ठरलं. ओढ्यांचं खोलीकरण, बंधारे, बांधबंदिस्ती अशी कामं झाली. काही गावांत विहिरींना पाणी वाढलं, तेही लोकांनी पाहिलं. २०१९ मध्ये सरकार बदललं आणि अभियान थांबलं. २०२० मध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या यंत्रणेचा अहवाल आला. ९,६०० कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजल वाढायला फारसा उपयोग झाला नाही आणि कामांच्या देखभालीकडे दुर्लक्ष झालं, असं त्यात म्हटलं होतं. नव्या सरकारनं चौकशी लावली, जुन्या सरकारातल्या लोकांनी अहवालावर आक्षेप घेतले. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि जलयुक्त शिवारचा दुसरा टप्पा सुरू झाला.

यात कोण खरं, हे आज आम्ही सांगायला बसलो नाही. तुमच्यापैकी कोणी या पक्षाची असेल, कोणी त्या पक्षाची. आम्हाला दिसतं ते असं: योजना सुरू झाली तेव्हाही, थांबली तेव्हाही आणि पुन्हा सुरू झाली तेव्हाही ओढ्यातला बंधारा जागच्या जागीच होता. त्यात गाळ भरत होता. तो कोणी काढायचा, हे कुठल्याच मोठ्या भाषणात नव्हतं. योजनेला पक्षाचं नाव चिकटलं की दुसऱ्याला ती नकोशी होते. आणि पाणी मात्र आपल्याला दर उन्हाळ्यात लागतं.

याच्या उलट आपल्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. तिथे पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. गावानं सरकारी पैशातूनच कामं केली, त्यात रोजगार हमीचाही पैसा होता. पण त्याबरोबर ग्रामसभेत बसून नियम केले: शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळीसारखं पाणी पिणारं पीक नको, दरवर्षी पाऊस किती झाला त्यावरून पाण्याचा ताळेबंद मांडायचा. मुंबईत कितीतरी सरकारं आली आणि गेली, गावाचा नियम राहिला. कारण तो गावानं स्वतः ठरवला होता.

तिसरी गोष्ट तर आपलीच आहे, कोयत्याची. मोहट्याची नवरात्र संपते, दसरा होतो आणि आपल्या तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली काही पोरं. माणसं परत येतात ती मढीच्या यात्रेच्या, पाडव्याच्या आसपास.

इतकी वर्षं ही बाई सरकारच्या कागदावर नव्हती. हजेरीत जोडी असते, बाई वेगळी नसते. जी मोजली जात नाही तिच्यासाठी धोरण होत नाही. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, विधिमंडळात प्रश्न विचारला गेला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासमोर आकडा आला: ८२,३०९ बायकांची पाहणी, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. बायकांना हे आधीपासून माहीत होतं. पण आकडा मांडला गेला तेव्हा बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायचा नियम आला, कारखान्यावर जाण्याआधी आणि आल्यावर आरोग्य तपासणीची चर्चा सुरू झाली.

पुढे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं. कारखान्यांनी गाळलेल्या उसाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे, असं ठरलं. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृह योजना मंजूर झाली, तिच्या पहिल्या टप्प्यातल्या तालुक्यांत आपल्या पाथर्डीचं आणि जामखेडचं नाव होतं. योजनेला ही नावं का दिली गेली आणि हेच तालुके आधी का आले? गरज खरी होती. त्याबरोबर ऊसतोड कामगारांची मतंही होती. भगवानगड आपल्याच तालुक्यात आहे, तिथल्या दसरा मेळाव्याला किती गर्दी व्हायची आणि कोणकोण नेते यायचे ते आपण पाहिलं आहे. गर्दी दिसते म्हणून सरकार ऐकतं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण मेळावा संपल्यावर वसतिगृहात किती मुली राहतात, कामगाराचं ओळखपत्र कोणाला मिळालं, हे विचारायला गर्दी नसते. तिथे आपलीच चार माणसं लागतात.

आता येतो मूळ मुद्द्यावर, ज्यासाठी आजचं भाषण आहे.

आपल्या गावचा विकास आराखडा कधी तयार होतो? २ ऑक्टोबरपासून पुढच्या काही महिन्यांत. शिवारफेरी, बैठका, याद्या, मग ग्रामसभेची मंजुरी. पुढच्या वर्षी कुठली कामं घ्यायची, याचा विचारही याच सुमारास होतो. आणि आपल्या ऊसतोड बाया तेव्हा कुठे असतात? कोल्हापूर, सांगली, पुणे जिल्ह्यात, नाहीतर कर्नाटकात, कोपीत. २६ जानेवारीची ग्रामसभा होते तेव्हा त्या फडात मोळ्या बांधत असतात.

म्हणजे ज्यांना गावात काम मिळालं असतं तर जायची वेळ आली नसती, त्याच बाया गावात काम काय निघावं हे ठरताना गावात नसतात. त्यांची वस्ती यादीत मागे पडते. गावात काम नसतं, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा उचल. हा फेरा कोणी मुद्दाम केलेला नसेल. पण तो तोडायचाही कोणाला सुचलेला नाही, कारण ज्यांना टोचतं त्या त्या खोलीत नाहीत.

आमच्या गटात हे बोललो तेव्हा बराच वेळ कोणी काही म्हणालं नाही. मग एक कोयत्यावर जाणारी ताई म्हणाली, "मग आम्ही जायच्या आधीच लिहून द्यावं की." तिनं एका वाक्यात उपाय सांगितला. तोच आम्ही पाच कामांत मांडतो.

एक. १५ ऑगस्टची ग्रामसभा आपली माना. तेव्हा सगळ्या बाया गावात असतात. आपल्या राज्याच्या कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. ती वेगळी घ्या, असं ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आणि सरपंचाला आठ दिवस आधी लेखी सांगा. नुसती वहीवर सही करून पाठवून द्यायची नाही.

दोन. जायच्या आधी वस्तीची यादी करा. पाणी कुठून आणता, किती लांब. रस्ता कुठे तुटतो. अंगणवाडी कुठे. आपण नसताना मागे राहणारी मुलं किती, त्यांना जेवण कोण देतं. किती घरांना गावात काम हवं आहे, कोणत्या महिन्यात. मोजून लिहा. "खूप त्रास आहे" याला कागदावर वजन नसतं, "३४ घरं, दीड किलोमीटर" याला असतं.

तीन. यादी महिला सभेत वाचा आणि प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. सभा संपायच्या आत ते वाचून दाखवायला सांगा. अर्जाची पोच घ्या. तोंडी शब्द निवडणुकीपर्यंत टिकतो, पोच नंतरही टिकते.

चार. हिवाळ्यात गावात राहणाऱ्या बहिणींनी जबाबदारी घ्यायची. ज्या गटात कोयत्यावर जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या दोघी आहेत, तिथे जोड्या लावा. आराखड्याच्या बैठकीत गावातल्या बाईनं म्हणायचं, "ही यादी माझी नाही, जी फडात आहे तिची आहे, आणि मी तिच्या वतीनं बसले आहे." फोन सगळ्यांकडे आहे, बैठक झाली की दोन मिनिटं बोला.

पाच. परत आल्यावर, १ मेच्या ग्रामसभेत विचारा: आमच्या यादीतलं काय घेतलं, काय नाही, का नाही? उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. मंजूर आराखडा मागणं हा गुन्हा नाही. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्चायचे असतात, तेही कुठे गेले हे विचारता येतं.

यात एक अडचण येणार, ती आधीच सांगतो. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी कितीतरी ठिकाणी सही ताईची आणि बोलणं भाऊंचं असतं. आपण त्या ताईला नावं ठेवतो. नका ठेवू. ती एकटी आहे. समोर वीस पुरुष आणि मागे एकही बाई नाही, अशा खोलीत आपणही गप्पच बसलो असतो. महिला सभेत चाळीस जणी येऊन बसल्या तर तीच ताई बोलायला लागते. आम्ही हे पाहिलं आहे.

आणि दुसरी अडचण, आपल्यातलीच. कोणी म्हणेल, तुमच्या यादीत अमक्या वस्तीचं काम आधी का? तिथे जात येते, भावकी येते, पक्ष येतो. तेव्हा आपल्या गटाचा नियम आठवा. कर्ज देताना आपण नात्यातली बघत नाही, गरज बघतो. जमत नसेल तेव्हा चिठ्ठ्या टाकतो. यादी करतानाही तेच करा, आणि नियम आधी ठरवा, नावं नंतर घ्या. नावं आधी घेतली की भांडण ठरलेलंच.

त्या बैठकीतली ताई, जी "राजकारण आपल्याला नको" म्हणाली होती, तिनंच शेवटी वही मागून घेतली. तिच्या वस्तीवरची घरं तिनं मोजायला घेतली आहेत. काल तिचा फोन आला होता, दोन घरं राहिली आहेत म्हणाली, त्या बाया खुरपायला गेल्या होत्या म्हणून. संध्याकाळी पुन्हा जाणार आहे.

तुमच्या वस्तीवर किती घरं आहेत? मोजा आणि पुढच्या बैठकीत सांगा. आज इथेच थांबतो.